साठीच्या आसपास इलेक्ट्रिक स्कूटर शिकायचीय? मग आधी ती थांबवायला शिका

घरोघरी दिसणारं चित्र आहे. मुलाने किंवा सुनेने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. सकाळी दोघं कारने किंवा कंपनीच्या बसने ऑफिसला जातात आणि स्कूटर दिवसभर पार्किंगमध्ये चार्जिंगला उभी असते. घरात असतात आई-बाबा. भाजी आणायची असते, बँकेत जायचं असतं, नातवाला क्लासला सोडायचं असतं. रिक्षावाला जवळचं भाडं घेत नाही, ॲपवर गाडी मिळेपर्यंत वीस मिनिटं जातात. मग एके दिवशी आई म्हणते, "मला शिकव की ही गाडी."

यावर घरातून दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे, "आता या वयात कशाला?" आणि दुसरं, "अगं सोप्पं आहे, गिअर नाही की क्लच नाही, मूठ पिळायची की झालं."

पहिलं उत्तर अन्यायाचं आहे. कायद्यात दुचाकी चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. पण खरं सांगायचं तर दुसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे. मूठ पिळली की गाडी पळते, आणि नवशिक्याची पंचाईत नेमकी तिथेच होते.

माझ्या आईने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हट्टाने ही गाडी शिकली. तिचा पहिला अपघात गाडीवरून उतरल्यानंतर झाला. सोसायटीचं गेट उघडायला ती उतरली, गाडी चालूच राहिली होती, आणि एका हाताने गाडी पुढे ढकलताना उजवी मूठ पिळली गेली. गाडी तिच्या हातातून सुटून गेटवर आदळली. नशिबाने तिला काही झालं नाही, पुढचं मडगार्ड तेवढं गेलं. "आवाजच नव्हता ना, मला वाटलं बंद आहे," असं ती म्हणाली. इलेक्ट्रिक गाडी शिकणाऱ्याने पहिली कुठली गोष्ट समजून घ्यायची, ते या एका वाक्यात आलं.

पेट्रोलच्या गाडीपेक्षा ही वेगळी कशी?

पेट्रोलची स्कूटर उभी असतानाही धडधडत असते. कानाला कळतं, हाताला कळतं की गाडी जिवंत आहे. मूठ पिळली की आधी इंजिनाचा आवाज वाढतो, मग क्लच पकड घेतो आणि मग गाडी हलते. यात फार वेळ जात नाही, पण घाबरलेल्या माणसाला मूठ सोडून द्यायला तेवढा क्षण पुरतो. शिवाय चुकून जास्त रेस दिली तर इंजिन ओरडतं आणि आपण दचकून मूठ सोडतो.

इलेक्ट्रिक मोटरमध्ये ही मधली पायरी नाही. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर लावू शकते. कंपन्या इको मोडमध्ये हा जोर सॉफ्टवेअरने हळूहळू वाढेल असं करतात, त्यामुळे गाडी एकदम उडी मारत नाही. तरी मूठ आणि चाक यांच्यामध्ये आवाजाची सूचना नसतेच. गाडी 'रेडी' आहे हे फक्त स्क्रीनवर दिसतं, आणि उन्हात ती स्क्रीन कधी कधी नीट दिसतही नाही.

आता अशी कल्पना करा की नवशिक्याने मूठ जरा जास्त पिळली. गाडी पुढे झेपावली आणि शरीर मागे राहिलं. आपण मागे पडू नये म्हणून हाताने हँडल घट्ट धरतो. दंड ताणले जातात, मनगट मागे वळतं आणि मूठ आणखी पिळली जाते. गाडी आणखी पळते, माणूस आणखी घट्ट धरतो. गाडी शिकताना झाडावर, भिंतीवर, पार्किंगमधल्या कारवर गेल्याचे किस्से आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच घडलेलं असतं. बघणारे म्हणतात, "अहो, ब्रेक का नाही दाबला?" घाबरलेला हात आयत्या वेळी नवं काही शोधत नाही, जे हातात आहे तेच आवळतो.

म्हणून शिकण्याचा क्रम उलटा करायचा. आपण गाडी चालवायला शिकतो आणि थांबणं आपोआप येईल असं धरून चालतो. इथे थांबणं आधी शिकायचं. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कायम ब्रेकच्या दांड्यांवर ठेवायची. बोटं ब्रेकवर असली की मूठ पूर्ण पिळताच येत नाही, आणि दचकून हात आवळला तर ब्रेकच दाबला जातो. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा तुटतो, म्हणजे मूठ पिळलेली असली तरी गाडी ओढत नाही. तुमच्या गाडीत तसं आहे का, हे शोरूममध्ये विचारून, मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना एकदा बघून घ्या.

आणखी एक बारकी गोष्ट. मूठ धरताना मनगट वर उचललेलं नको, सरळ किंवा किंचित खाली हवं आणि कोपर सैल हवं. मनगट वर ठेवून मूठ धरली तर हात खाली आला की गाडीला रेस मिळते.

चेतकवाले काका आणि लूनावाल्या काकू

ज्यांनी आयुष्यात कधीच दुचाकी चालवली नाही त्यांची पाटी कोरी असते. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी चालवली होती त्यांची वेगळी गंमत होते.

बजाज चेतक १९७२ साली आली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी काकांनी तरुणपणी ती चालवली. तिच्यात डाव्या हाताला क्लच, डावी मूठ फिरवून गिअर, उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. हाच माणूस आज इलेक्ट्रिक स्कूटरवर बसला आणि समोर कुत्रं आलं, की त्याचा उजवा पाय पाट्यावर जोरात दाबला जातो. तिथे काहीच नसतं! मेंदूने आपलं काम चोख केलेलं असतं, गाडी मात्र बदललेली असते. डाव्या हाताचंही तसंच. जुन्या सवयीने 'क्लच' म्हणून डावी दांडी पूर्ण आवळली की मागचा ब्रेक कचकन लागतो. अशा काकांनी "मला काय शिकवता, मी तीस वर्षं स्कूटर चालवलीय" असं न म्हणता नवशिक्यासारखेच चार दिवस मैदानात घालवावेत. गंमत म्हणजे चेतक हे नाव आज इलेक्ट्रिक स्कूटरवरही आहे, पण पायाचा ब्रेक तेवढा राहिला नाही.

लूनाही १९७२ चीच. तिच्यात क्लचची भानगड नव्हती आणि ती हलकी होती. लूना चालवलेल्या काकूंना मुठीची सवय पटकन परत येते, अडतं ते वजनाशी. आजच्या नेहमीच्या वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर साधारण शंभर ते एकशेतीस किलोच्या घरात असतात. बॅटरी बहुतेक वेळा पायाखालच्या पाट्यात असल्यामुळे वजन खाली असतं आणि चालताना गाडी स्थिर वाटते. पण उभी असताना एका बाजूला थोडी जास्त कलली की तीच गाडी आवरत नाही.

इथे एक नियम पाठ करून ठेवा. गाडी पडायला लागली तर तिला पडू द्या. पाय घालून किंवा हाताने ओढून तिला वाचवायला जाऊ नका. प्लास्टिकचा पॅनेल बदलून मिळतो. साठीनंतर हाडं ठिसूळ झालेली असतात, विशेषतः पाळी गेल्यानंतर बायकांची, आणि पडताना हात टेकला की मनगटाचं हाड मोडणं ही या वयातली अगदी नेहमीची दुखापत आहे. जाड पंजाचे ग्लोव्हज शिकतानाही घाला. चप्पल नको, टाच झाकणारे बूट हवेत.

लायसन्स लागतं की नाही?

लागतं. आणि एका प्रकारच्या गाडीला लागत नाही. गोंधळ होतो तो याच्यामुळे.

ज्या गाडीच्या मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आहे, तिला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन मानलं जात नाही. म्हणून तिला नंबर प्लेट नाही, चालवायला लायसन्स नाही. बाकी सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटरना नोंदणी, विमा, लायसन्स, सगळं पेट्रोलच्या गाडीसारखंच. खासगी इलेक्ट्रिक गाडीची नंबर प्लेट हिरवी आणि त्यावर पांढरी अक्षरं, एवढाच काय तो फरक.

'विनालायसन्स' गाड्या विकताना काही दुकानदार हळूच सांगतात, "काका, एक वायर काढली की चाळीसने पळते." ते ऐकू नका. तशी गाडी पळायला लागली की ती सवलतीत बसत नाही. म्हणजे तुम्ही नोंदणी नसलेली, विमा नसलेली गाडी चालवत असता. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई खिशातून द्यावी लागेल.

आता ज्यांना वाटतं "माझ्याकडे लायसन्स आहे", त्यांनी ते कपाटातून काढून एकदा वाचावं. तीन ठिकाणी घोळ असतो.

पहिला घोळ मुदतीचा. जुन्या नियमानुसार लायसन्स वीस वर्षं किंवा वयाची पन्नास वर्षं, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालायचं. विशीत काढलेलं लायसन्स पन्नाशीच्या आतच संपलं आणि नंतर गाडी चालवलीच नाही म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं खूप घरांत आहे. मुदत संपून एक वर्षाहून जास्त काळ झाला असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

दुसरा घोळ प्रकाराचा. कारचं लायसन्स दुचाकीला चालत नाही. त्यावर दुचाकीचा प्रकार वेगळा वाढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी लर्निंग लायसन्सपासून सुरुवात होते. विनागिअर दुचाकीचा प्रकार वेगळा आहे, इलेक्ट्रिक स्कूटरला तो पुरतो. ज्यांच्याकडे गिअरच्या दुचाकीचं चालू लायसन्स आहे त्यांना वेगळं काही लागत नाही.

तिसरा घोळ म्हणण्यापेक्षा सूचना म्हणू. चाळिशीच्या वर अर्ज करताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, जोडावं लागतं. लोक ते एजंटकडून 'करून' घेतात. या वयात तरी तसं करू नका, त्या निमित्ताने खरोखर तपासणी करून घ्या. पुढे त्याचं कारण येतंच आहे.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यानंतर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. पंचावन्न ओलांडल्यावर मिळणारं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स पाच-पाच वर्षांचं असतं. शिकताना पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. त्याची लाज वाटून घेऊ नका. तो बघून मागचा हॉर्न कमी मारतो, हा स्वानुभव आहे.

आधी डॉक्टर, मग शोरूम

चक्कर येते का? फिट येण्याचा त्रास आहे का? मधुमेहाच्या इन्सुलिनमुळे किंवा गोळ्यांमुळे साखर अचानक खाली जाते का? रात्रीच्या झोपेच्या गोळीची गुंगी सकाळी उरते का? यातलं एकही 'हो' असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गाडीवर बसू नका. मोतीबिंदू पिकत आलेला असेल तर समोरच्या गाडीचा दिवा ताऱ्यासारखा फुटून दिसतो. ऑपरेशन करून मग शिका, गाडी कुठे पळून जात नाही.

चष्म्याचं एक कुणी सांगत नाही. वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा चष्मा असेल तर मान खाली घालून जमीन बघितली की ती जवळच्या नंबरातून दिसते, म्हणजे धूसर. गाडी थांबवताना पाय टेकायचा असतो नेमका तिथेच खड्डा दिसत नाही. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा गाडीसाठी करून घेतला तर हा त्रास जातो.

मान वळत नसेल, म्हणजे स्पाँडिलायटिस वगैरे, तर मोठे आरसे लावून घ्या आणि ते खरोखर बघायची सवय लावा. आपल्याकडे स्कूटरचे आरसे बहुधा केस नीट करायला असतात.

गाडी निवडताना रेंज आणि टॉप स्पीड मुलांना बघू दे. तुम्ही सीटवर बसून दोन्ही पाय टेकवून बघा. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी तुमची नाही, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. मग उतरून ती गाडी स्वतः मागे घ्या, वळवा, मेन स्टँडवर लावा. सेल्समनला मदत करू देऊ नका, तो घरी येणार नाही. रिव्हर्स मोड असेल तर या वयात तो चैनीचा नसून कामाचा आहे. साइड स्टँड लावलेला असताना मोटर चालू होत नाही ना, तेही बघा.

मैदानातले पंधरा दिवस

शिकवायला कोण, यावर मी ठाम आहे. नवऱ्याने बायकोला आणि मुलाने आईला शिकवू नये. दोन दिवसांत आवाज चढतो, तिसऱ्या दिवशी गाडी पार्किंगमध्ये जाते ती कायमची. शेजारची शांत स्वभावाची मुलगी, भाची, किंवा ड्रायव्हिंग स्कूलमधल्या बाई, कुणीही चालेल. आणि शिकवणाऱ्याने मागे बसू नये. मागे सत्तर किलोचा माणूस बसला की गाडीचा तोलच वेगळा होतो आणि शिकणाऱ्याला स्वतःचा तोल कधी कळतच नाही.

जागा मोकळी, सपाट आणि शक्यतो पक्की हवी. वाळू-खडी असलेलं मैदान नको, त्यावर ब्रेक लावला की चाक घसरतं. सुट्टीच्या दिवशी शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं पार्किंग विचारून मिळतं. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दमलेला हात चुका करतो.

पहिले दोन दिवस गाडी बंदच ठेवा. स्टँडवरून काढा, लावा. डाव्या बाजूला उभं राहून, बोटं ब्रेकवर ठेवून, गाडी मैदानभर चालवत फिरवा. वळवा, थांबवा. हे कंटाळवाणं आहे, पण गाडीचं वजन कुठे असतं आणि ती कुठल्या कोनात हाताबाहेर जाते, हे इथेच कळतं.

त्यानंतर सीटवर बसायचं, गाडी अजून बंदच. दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत, बदकासारखं, पुढे जायचं. जरा वेग आला की पाय उचलायचे आणि डाव्या ब्रेकने थांबायचं. ज्यांना सायकल येते त्यांचं हे अर्ध्या तासात होतं. ज्यांना सायकलही येत नाही त्यांना तीन-चार दिवस लागतील. त्यांनी खरं तर आधी बुटक्या सायकलवर पॅडल न मारता असंच ढकलत तोल शिकला तर पुढचं फार सोपं जातं.

मग गाडी चालू. इको मोड. किंचित मूठ, दहा पावलं पुढे, ब्रेक, पाय खाली. परत. परत. परत. एका दिवसात वीस वेळा तरी हे व्हायला हवं. पुढच्या दिवशी शिकवणाऱ्याने मधेच, न सांगता, "थांब!" असं ओरडायचं. ओरडल्याबरोबर मूठ सुटून ब्रेक लागतो की हात आवळला जातो, ते बघायचं. ब्रेक आपोआप लागायला लागला की समजा अर्धी गाडी आली. आईला या टप्प्यावर पाच दिवस लागले. ती वैतागली होती, मी हटलो नाही. गेटचं मडगार्ड माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ब्रेकचं थोडं खोलात सांगायला हवं. उजवी दांडी पुढचा ब्रेक, डावी मागचा. बऱ्याच गाड्यांत डावी दांडी दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, त्याला कंबाइंड ब्रेक म्हणतात. सरळ जाताना दोन्ही दांड्या एकत्र, हळूहळू वाढवत दाबायच्या. पण हँडल वळलेलं असताना, अगदी कमी वेगात, उजवा ब्रेक कचकन दाबला तर पुढचं चाक अडतं आणि गाडी जागच्या जागी आडवी होते. पार्किंगमध्ये वळताना पडणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं. वळताना फक्त डावा, तोही हलका.

शिवाय मूठ सोडली की काही गाड्या स्वतःहून वेग कमी करतात आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरतात. त्याला रीजनरेशन म्हणतात. याची सवय होते आणि मग माणूस ब्रेकवरची बोटं काढून घेतो. लक्षात ठेवा, बॅटरी शंभर टक्के भरलेली असते तेव्हा ही ओढ कमी जाणवू शकते, कारण भरायला जागाच नसते. काल ज्या अंतरात गाडी आपोआप थांबली तिथे आज थांबेलच असं नाही.

थांबणं पक्कं झालं की सरळ रेषा, मग मोठा गोल, मग लहान गोल, शेवटी आरटीओतला आठचा आकडा. वळताना नजर पुढच्या चाकावर नको. जिथे जायचंय तिथे बघायचं, गाडी तिकडे जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यात जाल, हे अक्षरशः खरं आहे.

सावध माणसं इथे एक चूक करतात. ती फार हळू चालवतात, पायी चालण्याच्या वेगाने, दोन्ही पाय बाहेर लोंबकळत ठेवून. दुचाकी अगदी कमी वेगात सर्वात जास्त डगमगते. ताशी बारा-पंधराला ती स्वतःच सरळ राहायला मदत करते. त्यामुळे 'हळू' म्हणजे पंधरा-वीस, पाच नव्हे. आणि गाडी हलली की पाय पाट्यावर. लोंबकळणारा पाय कशात अडकला तर घोटा जातो.

रस्त्यावर आल्यावर

पहिला रस्ता रविवारी सकाळी सातचा, घराजवळचा, आणि डावीकडे वळणांचा. घरातून निघून फक्त डावी वळणं घेत परत घरी येणारी एक फेरी शोधा. उजवीकडे वळणं, म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडणं, दुसऱ्या आठवड्यात. यू-टर्न घेताना भीती वाटली तर कडेला थांबा, गाडी बंद करा, उतरा, हाताने वळवा. बघणारे बघू देत.

वेगाचं गणित एकदाच करून ठेवू. ताशी २५ किलोमीटरला गाडी एका सेकंदात सात मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला आणि मग सुक्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लावला, तर थांबायला एकूण सोळा मीटरच्या आसपास लागतात. चाळीसच्या वेगाला हेच अंतर साधारण बत्तीस मीटर होतं. वेग दीडपटीने वाढला, अंतर दुप्पट झालं. वयाबरोबर तो दीड सेकंद आणखी लांबतो, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर तरुणांपेक्षा जास्त हवं. मधे कुणीतरी घुसेलच. घुसू द्या, परत अंतर वाढवा.

नवशिके रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटतात. तिथेच वाळू, ड्रेनेजची झाकणं, रस्ता आणि फुटपाथ यांच्यातली खाच, आणि अचानक उघडणारं कारचं दार असतं. कडेपासून मीटरभर आत चालवा. स्पीड ब्रेकरच्या आधीच मूठ सोडा, सरळ ओलांडा, तिरके जाऊ नका. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यावर ब्रेक नको. पहिला पावसाळा गाडी घरी ठेवली तरी काही बिघडत नाही.

तुमच्या गाडीचा आवाज नाही, हे लोकांनाही कळत नाही. गल्लीत पाठमोरी चालणारी आजी, मोबाइलवर बोलणारा मुलगा, झोपलेलं कुत्रं, कुणीच बाजूला होणार नाही. लांबूनच एक छोटा हॉर्न द्या, आणि तरीही ते बाजूला होणार नाहीत असं धरून चला.

हेल्मेट आयएसआय खुणेचंच घ्या. कायद्याने विनाहेल्मेट हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे, पण तो मुद्दा नाही. 'गल्लीतच तर जायचंय' म्हणून हेल्मेट डिकीत राहतं, आणि हळू वेगातही डोकं जमिनीवर तितक्याच उंचीवरून आपटतं. चष्मा असेल तर आधी हेल्मेट, मग काड्या आत सरकवून चष्मा. पदर खोचलेला, ओढणीची दोन्ही टोकं आत, आणि मागच्या चाकाचा साडी गार्ड काढलेला नाही ना, ते बघा. 'लुक'साठी मुलं तो काढून टाकतात.

चार्जिंगची भानगड छोटी आहे. तीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देता गावातल्या फेऱ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा लावावी लागेल. बॅटरी फार उतरली की बऱ्याच गाड्या स्वतःहून वेग कमी करतात, आणि ते मोठ्या चौकाच्या मधोमध झालं तर घाबरायला होतं. चार्जर कंपनीचाच, सॉकेट अर्थिंग असलेलं, आणि पाचव्या मजल्यावरून सोडलेली एक्स्टेन्शन वायर अजिबात नको.

तोल जमतच नसेल, गुडघे साथ देत नसतील, तर मागे दोन जादा चाकं बसवून मिळतात. पण अशी गाडी वळताना कलत नाही, वेगात वळलं तर बाहेरच्या बाजूला फेकते. ती वेगळी शिकावी लागते आणि हा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. आणि पंधरा दिवस मैदानात घालवून "नाही बाबा, मला नको" असं वाटलं, तर तेही उत्तर आहे. गाडी न येण्याने कुणाचं काही अडत नाही, घरच्यांनी मात्र त्यावरून चेष्टा करू नये.

आईने स्वतःपुरते नियम ठरवले आहेत. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. मोठा उड्डाणपूल नाही. मागे कुणाला बसवायचं नाही. नातवाला क्लासला नेण्याची गोष्ट ती सहा महिन्यांनी बघणार आहे. आणि कुठेही थांबली, अगदी कोथिंबीर घ्यायला सुद्धा, तरी आधी साइड स्टँड, मग किल्ली, मग पाय खाली. भाजीवाल्याला हे पाठ झालंय. ती किल्ली पर्समध्ये टाकेपर्यंत तो वजन करायलाच घेत नाही.